हत्तीच्या पोटातले बटाटे

विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तपासणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे एक्सरेसाहेब म्हणत. बॅग मशीनमध्ये जायच्या आधीच आत काय आहे ते त्यांना कळतं, अशी त्यांची ख्याती होती. ती पसरवायचं काम ते स्वतः जातीने करत.

"आयुष्य गेलं लोकांची लपवाछपवी बघण्यात!" सुट्टीला निघताना ते बायकोला म्हणाले. "बुटात लपवतात, टोपीत लपवतात, बाळाच्या दुपट्यात लपवतात! आणि पकडलं की सगळ्यांचं एकच वाक्य, 'साहेब, हे माझं नाही!' आता मला कोण पकडणार? थीम पार्कमध्ये यंदा तू पोटभर जेवणार म्हणजे जेवणारच. माझा शब्द!"

शब्द द्यायला कारणही तसंच होतं. डॉक्टरांनी बायकोचा गहू कायमचा बंद केला होता. गव्हातल्या ग्लूटेनचा कण जरी पोटात गेला तरी ती अंथरूण धरायची. त्यात घर पक्कं शाकाहारी. गेल्या सुट्टीत अशाच एका पार्कमध्ये, जिथे गहू नाही तिथे कोंबडी, आणि जिथे कोंबडी नाही तिथे गहू! बाकीच्यांनी पिझ्झे हाणले आणि तिने एका सफरचंदावर दिवस काढला. वर हसून म्हणाली, "मला भूकच नाहीये." ते हसणं साहेबांना वर्षभर टोचत होतं.

"पण बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत ना?" साहेबांच्या सासूबाईंनी विचारलं. त्याही सहलीला निघाल्या होत्या.

"म्हणून तर डोकं लागतं!" साहेबांनी लेकीचा, म्हणजे चिमीचा, कापडी हत्ती उचलला. चिमी आंघोळीला गेली आहे असं बघून त्यांनी हत्तीच्या पोटाची शिवण उसवली, कापूस उपसला आणि आत उकडलेले बटाटे, मक्याची कणसं, गाजरं, चीज आणि तांदळाच्या पिठाचा एक अख्खा पाव कोंबला. वरून टाके घातले. हत्ती टरारून फुगला.

"अहो, मी काय म्हणते," बायको म्हणाली, "त्यांना सरळ सांगून बघू या ना."

"सरळ? मला पकडून द्यायचंय का तुला?"

पार्कच्या गेटवरच्या पहारेकऱ्याने बॅगा उघडल्या, पाण्याच्या बाटल्या हलवून बघितल्या आणि चिमीच्या हत्तीकडे पाहून तो हसला. "चांगलाच खाल्लेला दिसतोय हा!"

"हा हा हा हा!" साहेब इतक्या जोरात हसले की मागची रांग दचकली. पण हत्ती आत गेला! साहेबांची छाती हत्तीपेक्षा फुगली.

खरी पंचाईत पुढे झाली. हत्ती उघडायचा कुठे? एका बाकासमोर कॅमेरा होता. दुसऱ्याशेजारी पहारेकरी. तिसरा बाक मस्त कोपऱ्यात होता, पण तिथे अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस घाम पुसत बसला होता. "त्याच्यावर माझा विश्वास नाही," साहेब कुजबुजले, "तोंड दाखवत नाही तो." ऊन चढलं. सासूबाई आणि चिमी बर्गर खाऊन मोकळ्या झाल्या.

"अहो, बसू या का कुठेतरी?"

"जरा दम धर. मी मोक्याची जागा बघून येतो."

"बघा सावकाश," बायको हसून म्हणाली. "तशी मला भूक नाहीये."

तेच हसणं!  साहेब धावतच पार्कभर फिरले, झुडपांमागे एक झकास जागा हेरली आणि धापा टाकत परतले. तर हत्ती गायब!

"दवाखान्यात नेला," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पोर रडायला लागली, हत्तीचं पोट दगडासारखं लागतंय म्हणून. इथे खेळण्यांचा दवाखाना आहे ना, तिथे घेऊन पळाली, तिला थांबवायला मागून तिची आई धावली. मी तुमच्यासाठी थांबले, जावईबापू."

साहेब तिकडे धावत सुटले.

दवाखान्यापुढे ही गर्दी! पांढरा कोट आणि लाल नाक घातलेली डॉक्टरीणबाई माइकवर ओरडत होती, "मुलांनो, पोट उघडायचं का?"

"हो!"

"थांबा!" साहेब किंचाळले, पण तोवर कात्री चालली होती. आतून बटाटा निघाला. डॉक्टरीणबाईंचं लाल नाक गळून पडलं. मुलांना मात्र आनंदाचं भरतं आलं.

"बटाटा गिळला! हत्तीने बटाटा गिळला!"

मग कणीस निघालं. गाजर निघालं. प्रत्येक वस्तूला टाळ्या! शेवटी दोन्ही हातांनी पाव बाहेर ओढला, तेव्हा मागून कुणा आजींनी विचारलं, "मुलगा की मुलगी?"

गलका ऐकून गेटवरचा तो पहारेकरी आला. टेबलावरचा बाजार बघून त्याने दरडावलं, "हत्ती कुणाचा आहे?"

आणि साहेबांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "साहेब, हा माझा नाही!"

"बाबा, आपलाच आहे!" चिमीने माइकवरच सांगितलं. "तुम्हीच शिवला ना? मी दारातून बघितलं!"

आता मात्र बायको पुढे झाली. "माझ्यासाठी आणलं हो त्यांनी. मला गहू चालत नाही, मांस आम्ही खात नाही. मागच्या वर्षी उपाशी राहिले, ते ह्यांच्या मनाला फार लागलं."

पहारेकरी गोंधळला. "अहो ताई, मग गेटवर सांगायचं ना! पथ्याचं खाणं आणायला बंदी नाहीच. आणि सांगितलं असतं, तर आमच्या स्वयंपाक्याने वेगळ्या भांड्यात गरम करून दिलं असतं!"

बायकोने नवऱ्याकडे नुसतं बघितलं. 

थोड्याच वेळात तिच्यापुढे वाफाळता भात, भाजी आणि भाजलेलं पनीर आलं. तिने दोनदा मागून घेतलं. तिला जेवताना बघून साहेबांना खरंच भरून आलं. पाणी पिण्याच्या निमित्ताने त्यांनी तोंड फिरवलं. तेवढ्यात सासूबाईंनी त्यांच्यापुढे दुसरी ताटली सरकवली. त्यात हत्तीच्या पोटातले बटाटे होते, कापूस लागलेले.

"अन्न टाकायचं नसतं, जावईबापू."

साहेबांनी कापूस निवडत निवडत सगळे संपवले.

सुट्टी संपली. कामावरच्या पहिल्याच दिवशी मशीनमधून एक कापडी ससा आला. पोट टम्म फुगलेलं, टाके वाकडेतिकडे. सहकाऱ्याने तो उचलून धरला. समोरचा प्रवासी घामाघूम झाला.

"साहेब, हा माझा नाही!"

सगळे एक्सरेसाहेबांच्या गर्जनेची वाट बघू लागले. साहेबांनी सशाचं पोट हलकेच दाबून बघितलं, इकडे तिकडे नजर टाकली आणि खालच्या आवाजात विचारलं,

"वहिनींना गहू चालत नाही का?"