कच्ची बाजू

सिमेंटआबा गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले होते आणि त्यांच्या काखेत सिमेंटची अर्धी गोणी होती. गोणी टाकावी तर चोरी उघडी पडते, धरून ठेवावी तर आपण आणखी खाली जातो, अशा पेचात ते उभे होते.

सिमेंटआबा हे नाव गल्लीनं ठेवलेलं. त्यांचा सारा जन्म बांधकामाच्या कंत्राटात गेला होता आणि जगात टिकाऊ म्हणून जे काही आहे ते सिमेंटमुळेच, अशी त्यांची श्रद्धा होती. नेमकी सून मिळाली ती रस्तेखात्यातली इंजिनियर. मोठ्या रस्त्यापासून सरळ घराच्या फाटकापर्यंत येणारा रस्ता मऊ चिकणमातीवरचा, सारखा खचायचा. सुनेनं तो खणून घेतला आणि एका बाजूच्या मातीत पोलादाच्या भट्टीतून निघणारी दगडासारखी मळी दळून, थोडा चुना घालून कालवली. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना हवेत जेवढा कार्बन जातो त्याच्या मानानं हे फारच कमी, असं तिचं म्हणणं. दुसरी बाजू तिनं तुलनेसाठी कच्चीच ठेवली होती. दोन्हींवर ओली गोणपाटं पसरलेली, त्यामुळे दिसायला दोघी जुळ्या बहिणी.

आज खात्याचे साहेब पाहायला येणार होते. प्रयोग फसला तर अख्ख्या रस्त्याला सिमेंटच पडणार होतं.

"भट्टीचा कचरा कालवून रस्ता होतो होय?" आबांनी सकाळीच विचारलं होतं.

"होतो, बाबा. फक्त दम धरावा लागतो. ते सावकाश घट्ट होतं."

"आणि साहेबांनी दम नाही धरला तर?"

सून हसली. साहेबांना आणायला निघताना एवढंच म्हणाली, "मळीची बाजू डावीकडची आहे. तिथे कुणाला जाऊ देऊ नका."

ती गेली आणि आबांना चैन पडेना. पोर हुशार, पण चारचौघांत तिची फजिती झाली तर? सिमेंटवर प्रेम होतंच, पण सुनेवर थोडं जास्त होतं. त्यांनी मागच्या खोलीतली उरलेली गोणी उचलली. थोडं सिमेंट गुपचूप भुरभुरावं, कुणाला कळतंय! फाटकाबाहेर येऊन त्यांनी डावीकडचं गोणपाट सारलं, पाय टाकला आणि पाय गेलाच. तो काढायला दुसरा टाकला, तोही गेला.

"नुसता लगदा!" आबा हळहळले. "बिचारी पोर!"

आबांची बायको, म्हणजे गल्लीच्या आजी, फाटकाशी आल्या. "आता हे काय पेरताय?"

"हळू बोल! शेजारच्या टेम्पोवाल्याला बोलाव. दोर घेऊन ये म्हणावं."

"हळू बोलावू की मोठ्यानं?"

टेम्पोवाला टेम्पो घेऊनच आला आणि सरळ पलीकडच्या गोणपाटावर चढला.

"अरे, थांब! तिकडे कच्चं आहे, बुडशील!" आबा ओरडले.

टेम्पो त्यांच्या शेजारी येऊन ऐटीत उभा राहिला. चाक बोटभरही रुतलं नाही. टेम्पोवाल्यानं खाली उतरून टाच आपटली. "आबा, इथे तर खणखणीत आहे की."

आबांनी एकदा टेम्पोकडे पाहिलं, एकदा मोठ्या रस्त्याकडे. सून रोज तिकडून घरी येते. तिची डावी बाजू म्हणजे फाटकातून निघणाऱ्याची उजवी.

"म्हणजे कच्च्यात मी आहे?"

"ते दिसतंच आहे," आजी म्हणाल्या.

टेम्पोवाल्यानं आबांच्या कमरेला दोर बांधला. गाठ आवळताना गोणी फाटली आणि आबा करड्या भुकटीनं न्हाऊन निघाले. तेवढ्यात खात्याची जीप आली.

साहेब खाली उतरले. "हे कोण?"

सुनेनं आबांचे करडे झालेले केस पाहिले, गोणी पाहिली आणि काय घडलं ते ओळखलं.

"माझे सासरे, साहेब. कच्च्या बाजूत माणूस किती रुततो ते कळावं म्हणून उभे राहिलेत. पक्क्या बाजूवर टेम्पो उभा आहेच."

"मी मघापासून उभा आहे," आबा म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

"आणि ती गोणी?"



"वजन," आबा म्हणाले. "म्हातारा माणूस, हलका पडेन असं वाटलं."

साहेबांनी वाकून टेम्पोची चाकं पाहिली, मग आबांचे गुडघे शोधले. ते दिसत नव्हते. "छान! इतकी स्पष्ट तुलना मी अजून पाहिली नव्हती. उरलेला रस्ता असाच करू."

दोर ओढला गेला. आबा बाहेर आले, चपला आत राहिल्या. नळाखाली ते पाय खसाखसा धूत असताना सून जवळ आली.

"बाबा, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू टाकू दिलं असतंस का?" आबा पुटपुटले. मग नळ बंद करून म्हणाले, "टणक झालंय हं तुझं ते. टेम्पो हललासुद्धा नाही."

सून काही बोलणार तोच साहेब जीपमधून परत उतरून आले.

"काका, उद्या आमचे मोठे साहेब येतायत. उद्याही उभे राहाल ना?"

आबांनी मदतीसाठी सुनेकडे पाहिलं. सून हसू दाबण्यात गुंतली होती.

"राहतील की," आजी फाटकातून म्हणाल्या. "घरात कुठे एका जागी थांबतात! तिथे निदान लुडबुड तरी करत नाहीत."