केळुसकरांची बोलकी बाटली

भालचंद्र केळुसकर बाटलीला कान लावून बसत. बाटली म्हणजे पिण्याच्या पाण्याची, पाच गॅलनची, निळी. आणि कान म्हणजे उजवा, कारण डावा बांधकामावरच्या यंत्रांनी अधू केलेला होता. दुबईत करामा भागात त्यांचे दार आमच्या दारासमोर होते. हे दृश्य प्रथम पाहिले तेव्हा माझी कन्या धावत घरी आली. "बाबा, अंकल इज हगिंग द वॉटर बॉटल!"

मी चौकशीला गेलो. केळुसकरांनी ओठांवर बोट ठेवले. "श्शू! मास्तर, ती बोलतेय."

ती म्हणजे बिअर. परवान्याविषयी आमच्या मजल्यावर कोणी कोणाला प्रश्न विचारत नसे. तेव्हा मीही येथे विचारणार नाही. कृती मात्र सांगतो. दुकानात राजरोस मिळणारे बिनदारूचे माल्टचे पेय, त्यात साखर, आणि कोपऱ्यावर खुबूसच्या अरबी रोट्या भाजणाऱ्या पठाणाकडून आणलेले चिमूटभर यीस्ट. बाटलीच्या घट्ट बुचातून एक बारीक नळी निघून पाण्याच्या पेल्यात बुडालेली. यीस्ट साखर खाते, तिचे अल्कोहोल करते आणि वायू सोडते. तो वायू पेल्यात बुडबुडत बाहेर पडतो. केळुसकर ज्याला बोलणे म्हणत, ते हेच.

यीस्टला फार उष्मा सोसत नाही, आणि दुबईच्या उन्हाळ्याविषयी काही सांगण्याची गरज नाही. म्हणून घरातली एसीची एकुलती एक खोली बिअरला दिलेली होती. केळुसकर आणि त्यांच्याच कंपनीत फोरमन असलेले तावडे, हे दोघे हॉलमध्ये टेबलफॅनखाली घामाने निथळत झोपत. दोघांचीही कुटुंबे गावी. तावडे देवरुखचे. ते म्हणत, "आमच्याकडे म्हशीला गोठ्यात बांधतात. इथे म्हस बेडरूममध्ये आणि आम्ही गोठ्यात!"

"तुला तिच्याएवढं काम असतं तर तुलाही एसी दिला असता," केळुसकर म्हणत.

बिअर बाटल्यांत केव्हा भरावी, हा त्या घरातला कायमचा वाद होता. तावड्यांना घाई. पेल्यातले बुडबुडे जरा मंदावले की ते ओरडत, "केळ्या, खलास! भर आता, यल्ला!"

यावर केळुसकरांचे उत्तर ठरलेले असे. "खलास म्हणणारा तू कोण? ती म्हणेल तेव्हा खलास."

एकदाच तावड्यांचे ऐकले गेले. आता, बिअरमध्ये साखर शिल्लक असताना ती बाटलीत कोंडली, तर यीस्टचे काम आत चालूच राहते आणि वायूला वाट उरत नाही. हे तत्त्व शुक्रवारी भर दुपारी सिद्ध झाले. स्वयंपाकघरात कपाटावर एकामागून एक बाटल्या फुटल्या. पेशावरचा वॉचमन जिने चढून धापा टाकत आला.

"साब, सिलिंडर फटा क्या?"

"नहीं, नहीं. शरबत था," केळुसकर म्हणाले.

वॉचमनने छताकडे पाहिले. छतावरून फेस टपकत होता. "आप लोग का शरबत भी फटता है?"

त्यानंतर मला पाचारण झाले. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे आणि माझ्याजवळ स्वतःचा हायड्रोमीटर होता. ही आकडे कोरलेली, बुडाशी जड अशी काचेची नळी. द्रव जितका गोड, तितकी ती वर तरंगते. यीस्टने साखर खाल्ली की ती खाली उतरते. लागोपाठ काही दिवस ती एकाच रेघेवर थांबली, तर साखर संपली असे समजावे आणि निर्धास्तपणे बाटल्या भराव्यात. नुसत्या बुडबुड्यांवर विसंबू नये. केळुसकरांना माझी नळी फारशी पटली नाही, पण छताची आठवण ताजी होती.

त्याच सुमारास तावड्यांचे परतणे ठरले. कायमचे. देवरुखला त्यांनी घर बांधले होते, मुलगी लग्नाची होती. केळुसकरांनी जाहीर केले, "ही बिअर पिऊनच जायचं. तोवर विमानात चढलास तर माझ्याशी गाठ आहे." तावड्यांनी वचन दिले.

आणि बिअर काही होईना. तावड्यांनी तिकीट एकदा पुढे ढकलले, दुसऱ्यांदाही ढकलले. "अरे केळ्या, तिकडे नवरामुलगा म्हातारा होईल!"

"अजून बोलतेय ती. मी काय करू?"

मी रोज संध्याकाळी नळी बुडवत होतो. शेवटी ती एका रेघेवर स्थिरावली. "केळुसकर, माझ्या मते झाली," मी म्हणालो.

"उद्या एकदा बघा, मास्तर."

दुसऱ्या दिवशी मी नळी सोडली, आणि ती वर आली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. नळी खाली उतरेल किंवा जागेवर राहील. आपण होऊन वर येणे तिला शक्य नाही. बंद बाटलीत साखर जन्माला येत नसते. मी केळुसकरांकडे पाहिले. ते एसीचे बटण फार काळजीपूर्वक तपासत होते.

"काय म्हणते, सर?" दारातून तावड्यांनी विचारले.

विज्ञान सोडून उत्तर द्यायचे, म्हणून मला थोडा वेळ लागला. "अजून... बोलते आहे," मी म्हणालो.

तावडे हातातल्या कपाकडे पाहत राहिले. "तरीच," ते हळूच म्हणाले, "कालपासून चहा बिनसाखरेचा मिळतोय."

पेल्यात बुडबुड चालली होती. तावड्यांनी कप ठेवला, चपला घातल्या आणि ते खाली गेले. केळुसकर बाटलीशेजारी उकिडवे बसले. इतका वेळ एका जागी बसलेले मी त्यांना बाटलीला कान लावल्यावाचून पाहिले नव्हते. थोड्या वेळाने तावडे परतले. त्यांच्या हातात मलबाऱ्याच्या ग्रोसरीतले साखरेचे पाकीट होते. ते स्वयंपाकघरात न नेता त्यांनी बाटलीशेजारी ठेवले.

"एवढी पुरे, केळ्या. हिच्यानंतर नाही."

केळुसकरांनी मान हलवली. त्यातली मूठभर साखर मात्र त्यांनी आधी तावड्यांच्या चहात घातली.

नंतर माझी नळी पुन्हा उतरू लागली, आणि यथावकाश थांबली. त्यानंतरच्या शुक्रवारी मी रिकाम्या बाटल्या उकळून घेऊन गेलो, तेव्हा बेडरूममध्ये दोन प्रौढ गृहस्थ निळ्या बाटलीला दोन बाजूंनी मिठी मारून बसले होते. एकाचा उजवा कान, दुसऱ्याचा डावा.

"तुला काय ऐकू येतं?" केळुसकरांनी विचारले.

"काही नाही."

"मलाही नाही." ते आणखी जरा वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांनी पेल्यातली नळी काढून नीट पुसली. "खलास म्हणते," ते म्हणाले, "भरा, मास्तर."