मोटार गुरगुरते, फिरत नाही

परीक्षेला निघायला थोडा वेळ उरला असताना घरातली पाण्याची मोटार अडून बसली. बटण दाबलं की नुसती गुरगुरायची, फिरायची नाही.

"अहो, बघा ना जरा," बायको म्हणाली. "आई डोक्याला साबण लावून बसल्यात."

ऑफिसला टाळं लागल्यावर, चाळिशी उलटल्यावर त्याने मोटारदुरुस्तीचा कोर्स धरला होता. गिरणीतली नोकरी अडली होती ती फक्त सर्टिफिकेटपाशी. परीक्षेला स्वतः तारा गुंडाळून वाइंडिंग केलेली मोटार न्यायची होती. ती पिशवीत तयार होती.

त्याने मेन बंद केला, घरच्या मोटारीचं मागचं झाकण काढलं, शाफ्टच्या टोकाला बसवलेल्या पंख्यावरची धूळ फडक्याने खसाखसा पुसली आणि गंभीरपणे निदान केलं, "कॅपॅसिटर गेलाय. सुरुवातीचा धक्का तोच देतो."

दुकानं उघडली नव्हती. न्हाणीघरातला आवाज चढत होता. शेवटी मन घट्ट करून त्याने परीक्षेच्या मोटारीचा कॅपॅसिटर काढून घरच्या मोटारीला जोडला. ती लगेच सुरू झाली. बायकोने इतक्या कौतुकाने पाहिलं, की तो घाबरलाच.

वाटेतही एक दुकान उघडं मिळेना. केंद्राच्या जिन्यात बसून त्याने घरच्या मोटारीतून काढलेला तो गेलेला कॅपॅसिटरच परीक्षेच्या मोटारीला जोडला. निदान जागा रिकामी दिसायला नको.

"करा सुरू," परीक्षकबाई म्हणाल्या.

त्याने डोळे मिटून बटण दाबलं. मोटार झकास फिरू लागली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"का हो, फिरणार नव्हती का?"

"हो. म्हणजे, नाही. फिरणारच होती."

"बरं, पाण्याची मोटार गुरगुरते, पण फिरत नाही. आधी काय कराल?"

कॅपॅसिटर, असं तो म्हणणारच होता. पण गेलेला कॅपॅसिटर तर समोर चालत होता. मग घरी काय झालं होतं? फडकं, पंखा, खसाखसा.

"शाफ्ट हाताने फिरवून बघेन. अडकलेला असला तर... नुसता पंखा पुसतानाही सुटतो."

"पुस्तकात असं नाही लिहिलेलं," बाई हसल्या. "पण अनुभव दिसतोय. पास."

बाहेर येऊन त्याने घरी फोन लावला आणि पास झाल्याचं सांगितलं.

"मला ठाऊकच होतं," बायको म्हणाली. "शेजारच्या काकांची मोटारही गुरगुरतेय. मी म्हटलं, कॅपॅसिटर गेला असणार. ते आणायला निघालेत."

"त्यांना थांबव. आधी शाफ्ट हाताने फिरवून बघा म्हणावं. बहुतेक तेवढ्यानेच होईल."



"अहो," बायकोने हळूच विचारलं, "तुम्हाला नक्की पास केलंय ना?"