भिंगरावांनी निवडलेली पाटी

भिंगरावांना आजवर कुणी फसवलेलं नाही. हे दुसऱ्या कुणी सांगायची वेळच येत नाही, ते स्वतःच सांगतात, आणि न विचारता सांगतात. कुलपांच्या कारखान्यात ते तपासनीस आहेत. कुलूप हातात आलं की उघडायचं, लावायचं, उघडायचं, लावायचं. शेवटी एक तर कुलूप मोडतं, नाही तर चहाची सुट्टी होते. साहेबांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना भिंगरावच म्हणतात. त्यांना राग येत नाही. उलट सही करताना तेच नाव लिहायचा मोह त्यांना कसाबसा आवरावा लागतो.

आता असा माणूस घरासाठी वस्तू घेताना डोळे मिटून घेईल? नाव काढू नका! पंखा घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी इतकी तुलना केली, की पंखा घरात आला तोवर लोकांनी रजया बाहेर काढल्या होत्या. पण पंखा काय निघाला म्हणता! भर थंडीत लावून दाखवला त्यांनी सगळ्यांना, जराही आवाज नाही. इस्त्रीची निवड होईपर्यंत घरातले सगळे चुरगळलेल्या कपड्यांत फिरले. भिंगराव लांबून येताना दिसले की बाजारातले अर्धे दुकानदार जेवायला निघून जात, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात.

पण या खेपेची गोष्ट पंख्याइस्त्रीची नव्हती, सासूबाईंची होती.

भिंगरावांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहतात. उभा जन्म औषधांच्या दुकानात गेला. डॉक्टरांचं अक्षर खुद्द डॉक्टरांना लागत नसे ते सासूबाईंना लागत असे. घरी आल्या की कादंबरी हातात. खून, दरोडा, मृत्युपत्रावरून भांडण, असलं काही असलं की त्यांना ताटातल्या भाजीचं भान नसे. पण मागच्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. बारीक अक्षर दिसेना. आधी भिंग आणलं, मग भिंगानंही भागेना. एका दुपारी त्यांनी अर्धी कादंबरी मिटली आणि कपाटात ठेवून दिली. तक्रार नाही, कुरकुर नाही. खिडकीशी खुर्ची ओढून नुसत्या बसून राहू लागल्या.

भिंगरावांना ते बघवेना. बोलकं माणूस गप्प झालं की घर खायला उठतं. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की अक्षर हवं तेवढं मोठं करता येईल असा ई-रीडर सासूबाईंसाठी आणायचा, आणि असातसा नाही, बाजारातला सगळ्यांत उत्तम.

"सासूबाई, हा माझा शब्द," ते म्हणाले.

शब्द दिला आणि तुलना सुरू झाली. कुणाचा उजेड चांगला तर वजन जास्त. कुणाचं वजन कमी तर पान उलटताना डोळा मारल्यासारखं लुकलुकणार. सगळी बेरीज-वजाबाकी करून एकावर बोट ठेवावं, तर तोवर त्याच कंपनीनं नवा काढलेला! की पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. असे महिने लोटले. सासूबाईंनी एका शब्दानं विचारलं नाही. भिंगरावांच्या पत्नीला सगळी गल्ली वहिनी म्हणते. सुरुवातीला त्या रोज टोचत असत. नंतर का कोण जाणे, त्यांनीही विचारायचं सोडून दिलं. बायको टोचायची थांबली की शहाण्या माणसानं सावध व्हावं. भिंगराव मात्र तिला आपली पद्धत पटली असं समजून खूश झाले.

तरी मनाला लागून राहिलं होतं. सासूबाई खिडकीशी दिसल्या की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. शेवटी त्यांनी कागदावरची तुलना गुंडाळली. हातच्या काकणाला आरसा कशाला? तीन वेगवेगळे ई-रीडर उसने आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरातच चाचणी करून सोक्षमोक्ष लावायचा.

एक मिळाला दाताच्या डॉक्टरांकडून. भिंगराव दाढ काढायला गेले आणि ई-रीडर घेऊन परत आले. दाढ राहिली ती राहिलीच. दुसरा कारखान्याच्या साहेबांचा. साहेब सहजासहजी देईनात. ते एका खुनाच्या कादंबरीत अडकले होते. सध्या जो तो तीच वाचत होता, आणि खुनी कोण हे आपल्याला कुणी सांगू नये म्हणून साहेब जेवणाच्या सुट्टीत एकटे बसत होते. चार दिवस फोनवर वाचतो, पण जपून वापरा, असं तीनतीनदा बजावून त्यांनी तो दिला. तिसरा वहिनींनी आणून दिला. बहिणीचा आहे म्हणाल्या.

आता चाचणीची पद्धत. कारखान्यात कुलूप तपासायला येतं तेव्हा ते कुठल्या पाळीनं बनवलंय ते झाकलेलं असतं, म्हणजे तपासनिसाला भीडभाड नको. भिंगरावांनी घरातही तसंच करायचं ठरवलं. वहिनींनी आतल्या खोलीत जाऊन तिन्ही ई-रीडरांची कव्हरं काढायची, कडांना खाकी कागद चिकटवून नावं झाकायची आणि वर क, ख, ग लिहायचं. कोणता कुणाचा ते त्यांनी लक्षात ठेवायचं.

"काही झालं तरी चाचणी संपेपर्यंत मला सांगायचं नाही," भिंगरावांनी ताकीद दिली.

"नाही सांगत बापडी," वहिनी म्हणाल्या. त्या सासूबाईंकडे बघून का हसल्या ते भिंगरावांनी विचारलं नाही.

चाचणी सुरू झाली. उन्हात धरून झालं, पलंगाखालच्या अंधारात धरून झालं. न्हाणीघरात वाफ करून झाली. उताणं झोपून एका हातानं वाचायच्या चाचणीत "ख" भिंगरावांच्या नाकावर पडला, तेव्हा वजनाला गुण कमी दिले आणि नाकाला बर्फ लावला. मग मुख्य परीक्षा. प्रत्येक पाटीवर (सासूबाई त्याला पाटीच म्हणत) सासूबाईंनी एकेक पान मोठ्यानं वाचायचं, आणि भिंगरावांनी घड्याळ लावून बसायचं. "क"वर सासूबाई अडखळल्या. "ख"वर तर शब्दाशब्दाला ठेचकाळल्या. पण "ग" हातात आला आणि वाचन असं धो धो वाहू लागलं, की भिंगराव घड्याळ बघायचंच विसरले. किती दिवसांनी तो आवाज घरात ऐकू आला होता! त्यांचे डोळे भरून आले. वस्तू चांगली असली की माणसाचे डोळे कसे पळतात, असं ते वहिनींना म्हणाले. वहिनींना नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याची शंका आली आणि त्या पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

इथेच थांबते तर ते भिंगराव कसले! त्यांची लाडकी चाचणी अजून बाकी होती, टिकाऊपणाची. कुलूप जसं उघडायचं, लावायचं, तसं पाटीवर पान उलटायचं, उलटायचं, उलटतच राहायचं. खुर्चीत बसून त्यांनी क, ख, ग, तिन्हींवर बोट चालवलं. आत काय लिहिलंय हे बघायचा प्रश्नच नव्हता. तपासनीस कुलूप बघतो, कोठार नाही. "ग"ची पानं भराभर उलटू लागली तशा सासूबाई "अगं बाई" करून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. भिंगरावांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला यंत्राची दया आली.

संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. दारात साहेब उभे. एरवी इस्त्रीची घडी न मोडणारे साहेब घरातल्या चपला घालून, हातात फोन घेऊन आले होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"भिंगराव, माळ्यानं खून केला," ते म्हणाले.

भिंगरावांची पाचावर धारण बसली. कारखान्याच्या बागेतला माळी त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. इतका गरीब माणूस!

"पोलिसांना कळवलं का साहेब?"

"पोलीसच घेऊन चाललेत त्याला! तीनशे पानं मी त्या माळ्याला सज्जन समजत होतो!"

मग हळूहळू उलगडा झाला. साहेबांची पाटी आणि साहेबांचा फोन एकमेकांना निरोप देतात. पाटीवर कुणी पुढे वाचलं की फोन विचारतो, तुम्ही दुसरीकडे याच्या पुढे वाचलं आहे, तिथे जायचं का? साहेबांना न वाचता सही करायची सवय. त्यांनी "हो" दाबलं, आणि कादंबरीच्या मधून उचलून फोननं त्यांना जिथे भिंगरावांचं बोट थांबलं होतं तिथे नेऊन टाकलं. तिथे माळ्याच्या हातात बेड्या पडत होत्या.

भिंगरावांनी आजवर हजारो कुलपं मोडली होती, पण साहेबांची कादंबरी मोडण्याची ही पहिलीच वेळ. लगेच मागे नेतो, साहेब होते त्याच पानावर आणून ठेवतो, असं म्हणत ते तिन्ही पाट्यांवर झडप घालून बसले. साहेबांची कुठली ते कुठे माहीत होतं! वहिनी सांगायला पुढे झाल्या तर त्यांनी हात वर करून थांबवलं. चाचणी अजून संपली नव्हती.

"पानं मागे नेऊन माझ्या डोक्यातला माळी निघणार आहे का?" साहेब म्हणाले. "आता असं करतो. उद्यापासून तुम्ही तपासलेलं कुलूप आणखी एकाला तपासायला लावतो."

भिंगराव जागच्या जागी थिजले. पगार कापला असता तर चाललं असतं. पण भिंगरावांच्या तपासणीची तपासणी? सुजलेलं नाक आणखीच लाल झालं.

आणि तेव्हा सासूबाईंना राहवलं नाही. एक तर जावयाचं तोंड एवढंसं झालेलं, त्यात एका वाचणाऱ्याचा गैरसमज झालेला. दोन्ही त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

"अहो साहेब, असे हातपाय काय गाळता?" त्या म्हणाल्या. "माळ्याला धरतात खरं, पण सोडतात की पुढे. खुनी वेगळाच आहे. मी गेल्याच महिन्यात वाचली."

साहेबांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. "खरंच? मग कोण?"

"ते नाही सांगायची. वाचा."

साहेब सुटले. पण भिंगराव अडकले. त्यांच्या डोक्यात एकेक खटका पडत गेला. गेल्या महिन्यात? डोळ्यांना पुस्तकातलं अक्षर दिसत नाही, आणि गेल्या महिन्यात आख्खी कादंबरी? त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, "ग"कडे पाहिलं, आणि मग वहिनींकडे. वहिनी छताकडे बघत होत्या.

"सासूबाई, कशावर वाचलीत?"

उत्तर वहिनींनी दिलं. बहिणीचा वगैरे काही नव्हता. तो त्यांनीच आईसाठी घेतला होता, केव्हाच. दुकानात गेल्या, दुकानदारानं समोर ठेवला तो उचलला आणि घरी आल्या. भिंगराव कारखान्यात गेले की सासूबाई वाचायच्या, आणि ते यायच्या सुमाराला पाटी उशीखाली.

"पण तुम्ही तर रोज खिडकीशी गप्प बसलेल्या असता," भिंगराव म्हणाले. "मला वाटायचं..."

"तुमचीच वाट बघत असते, जावईबापू. कोपऱ्यावर दिसलात की पाटी आवरायला वेळ मिळतो." सासूबाईंनी पदर सारखा केला. "तुम्ही शब्द दिला होतात. तो तुमच्याच हातून पुरा व्हावा असं वाटत होतं हो."

भिंगरावांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त बरं वाटलं. इतके दिवस ज्या खिडकीनं त्यांच्या घशात घास अडकवला होता, तिच्याशी बसून म्हातारी पहारा देत होती! ते हसू लागले, आणि हसता हसता एकदम ताठ झाले. उठले, "ग"वरचा खाकी कागद टरकन फाडला आणि पाटी साहेबांच्या नाकासमोर धरली.

"बघा साहेब! नाव झाकलेलं, कुणी काही सांगितलेलं नाही, आणि तरी माझ्या चाचणीत पहिली कोण आली? नेमकी घरातली! याला म्हणतात तपासणी. आता बसवा माझ्यावर दुसरा तपासनीस!"

साहेबांनी मान्य केलं, की निकाल बिनचूक आहे. दुसरा तपासनीस रद्द झाला. भिंगरावांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी ताणली गेली.

"बिनचूक म्हणजे," सासूबाई चाचरत म्हणाल्या, "बाकीच्या दोन्हींवर मला तसं स्वच्छ दिसत होतं. मी आपली मुद्दाम अडखळले. नाही तर माझी तुम्ही बदलून आणली असतीत."

साहेब इतके हसले की त्यांना खुर्चीला धरावं लागलं. आपल्या कारखान्यात येता का, असं त्यांनी सासूबाईंना तिथल्या तिथे विचारलं. मग आपली पाटी मागून घेऊन ते कोपऱ्यात बसले आणि माळ्याला सोडवायला निघाले. वहिनींनी पुढे ठेवलेला चहा तसाच गार होत राहिला.

भिंगराव मात्र फार वेळ पडून राहणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी सासूबाईंची पाटी हातात घेतली, उलटसुलट केली, कडेवरून अंगठा फिरवला. डोळ्यांत जुनी चमक परत आली.

"पाटी चांगलीच आहे," ते म्हणाले. "पण अशी उघडी ठेवून चालायची नाही. हिला उत्तम कव्हर हवं. ते मात्र मीच निवडणार, सासूबाई. बाजारातली सगळी बघून."

वहिनींनी आईकडे पाहिलं.

"बघा हो, तुमच्याइतकं बारकाईनं कोण बघणार?" सासूबाई मायेनं म्हणाल्या, "अगदी सावकाश बघा," आणि पाठीशी घेतलेल्या उशीखालून डोकावणारं पाटीचं निळं कव्हर त्यांनी कोपरानं हळूच आत सरकवलं.