नापासराव टाकी बघायला जातात

एक वापरलेली माशांची टाकी विकत घ्यायची, एवढंच ठरलं होतं. दाढ काढून घ्यायची असं कुठेही ठरलं नव्हतं. पण नापासरावांच्या घरात ठरलेलं सोडून बाकी सगळं होतं, त्याला कोण काय करणार!

नापासराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पंख्यांच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात आहेत. त्यांच्या खिशात कायम चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे असतात. हिरव्या चिठ्ठीवर 'पास' आणि लालवर 'नापास, परत पाठवा'. हिरवा गठ्ठा दोन वर्षांपूर्वी आणला होता, तो अजून पुरतोय. घरातही तीच तऱ्हा. कलिंगड घेताना ते इतका वेळ वाजवून बघतात की फळवाला म्हणतो, "साहेब, मैफल संपली की हाक मारा, तोवर मी जेवून येतो."

तर झालं असं, की त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने मैत्रिणीकडून एक सोनेरी मासा आणला. घरात टाकी नव्हती, म्हणून मासा आंघोळीच्या बादलीत राहायला गेला. बादली नेमकी बायकोची. चार दिवस ती बिचारी डब्याएवढ्या भांड्यातून आंघोळ करत होती आणि मासा ऐसपैस फिरत होता.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, माझी जुनी टाकी माळ्यावर पडून आहे. फिल्टरसकट. आणून देऊ का?"

"लांबी-रुंदी किती? पाणी किती लिटर मावतं? फिल्टर तासाला किती पाणी फिरवतो?"

"ते काही मला ठाऊक नाही बुवा. मासे मजेत होते, एवढं खरं."

"नापास!" म्हणून नापासरावांनी फोन ठेवला. (खरं कारण वेगळंच होतं. मेहुण्याची वस्तू फुकट मिळते, पण तिचं कौतुक जन्मभर ऐकावं लागतं.)

रविवारी सकाळी बायकोने निर्वाणीचं सांगितलं. "अहो, आज संध्याकाळपर्यंत टाकी आली तर ठीक. नाहीतर मासा जाईल माझ्या भावाकडे. मला माझी बादली हवी."

मुलगी बादलीला बिलगून बसली. "बाबा, तो मला ओळखतो रे. मी पाण्याला बोट लावलं की लगेच वर येतो."

नापासराव ताडकन उठले. ते लोकांची मनं मोडतात ती पंख्यांवरून, पोरीचं मन मोडणं त्यांच्या बापाच्यानेही झालं नसतं. "आज टाकी घेऊनच येतो," त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं.

"आणि तपासत बसू नका!" बायको दारातून ओरडली. पण तोवर टेप, टॉर्च, लिटरचं मापाचं भांडं आणि स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत जाऊन बसले होते.

टाकी विकायला होती एका दातांच्या डॉक्टरबाईंकडे. जाहिरातीतला पत्ता वाचला तेव्हाच नापासरावांच्या डाव्या गालात एक कळ आली होती. तीन महिने त्यांची एक दाढ ठणकत होती. जगातल्या प्रत्येक वस्तूला लाल चिठ्ठी लावणाऱ्या या माणसाने स्वतःच्या दाढेला मात्र मुकाट्याने पास करून टाकलं होतं. घरी कुणाला पत्ता नव्हता. उजवीकडून जेवायचं आणि गार पाण्यापासून लांब राहायचं, असा त्यांचा उपचार चालू होता.

दवाखाना रविवारीही सकाळी उघडा असायचा. बाहेरच्या खोलीत, खुर्च्यांच्या रांगेसमोर टाकी होती. टाकी कसली, महालच तो! आत लहानमोठे आठ मासे फिरत होते. आणि फिल्टर? तो असा घर्रर्र आवाज करत होता की खुर्च्यांवर बसलेले दोन पेशंट आपापले गाल धरून दाराच्या दिशेने सरकत होते.

"म्हणूनच विकतेय हो," डॉक्टरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "लोकांना वाटतं, आत मी कुणाच्या दातात मशीन घातलंय. बसतात, ऐकतात आणि पळतात. काल तर एक पहिलवान पळाला. माशांवर माझा जीव आहे, पण पोटावर पाय कसा देऊ? सगळे मासे बहिणीकडे पाठवते, टाकी तुम्ही न्या. आहे तशी."

'आहे तशी' हे दोन शब्द नापासरावांना शिवीसारखे लागतात. "आधी तपासू," ते म्हणाले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

टेप निघाली. लांबी चोवीस इंच, रुंदी बारा, उंची पंधरा. म्हणजे सत्तर लिटर. घरच्या कपाटावर बरोब्बर बसणार. चारही कोपऱ्यांखाली त्यांनी वर्तमानपत्राचे तुकडे सारले आणि अर्धा तास गळतीची वाट बघितली. कागद कोरडे ठणठणीत. मग फिल्टरच्या तोंडाखाली लिटरचं भांडं धरलं आणि घड्याळ लावलं. भांडं भरायला चाळीस सेकंद लागले.

"चाळीस!" नापासराव उसळले. "सत्तर लिटरच्या टाकीत तेरा सेकंदांत भरलं पाहिजे. हे काय फिरवणं आहे? मासे गुदमरतील."

एवढ्यात एक आजी आत आल्या. समोर ओल्या हातांचा, टॉर्चवाला, बाह्या वर केलेला माणूस. त्या सरळ समोरच्या खुर्चीत बसल्या आणि आ करून म्हणाल्या, "वरची हलते आहे बघा. पण हळू हं, दादा."

"आजी, मी डॉक्टर नाही!"

"मग मेकॅनिक का? तुमच्या डॉक्टरीणबाईंनी दात काढायला मेकॅनिक ठेवला?"

"मी ग्राहक आहे हो! टाकी घ्यायला आलोय."

"घ्यायला आलात, तर मोडताय कशाला?" आजींनी रोकडा सवाल केला.

नापासरावांनी तो कानाआड केला, कारण तोवर त्यांनी फिल्टर उघडला होता. आता पंख्यांच्या माणसाला पंखी दिसली की काय होतं, हे तुम्हाला काय सांगू? आतल्या चिमुकल्या पंखीत शोभेच्या रेतीचा एक खडा अडकला होता आणि स्पंजवर बोटभर शेवाळ. वस्तू घ्यायला आलेल्या शहाण्या माणसाने इथे काय केलं असतं? तोंड वाकडं करून, किंमत पाडून, टाकी उचलली असती आणि फिल्टर घरी जाऊन साफ केला असता. पण नापासरावांना दमच निघाला नाही. खडा काढला, स्पंज पिळला आणि नळी साफ व्हावी म्हणून तिला तोंड लावून जोरात फुंकर मारली. समोरच्या टोकाला अडकलेलं गार पाणी उलटं आलं आणि थेट डाव्या दाढेवर जाऊन आपटलं.

"आई गंऽऽ!"

आतून डॉक्टरबाईंनी कान टवकारले. असा आवाज त्या झोपेतही ओळखतात.

डोळ्यांतलं पाणी पुसत नापासरावांनी फिल्टर बसवला आणि बटण दाबलं. आवाजच नाही! भांडं धरलं. बारा सेकंद! पाणी झुळझुळ फिरू लागलं, मासे नाचू लागले. पळू बघणारे दोघे पेशंट परत येऊन टेकले आणि टाकीकडे बघत चक्क हसू लागले. नापासरावांची छाती फुगली. दोन वर्षांनी त्यांनी हिरवी चिठ्ठी काढली, टाकीवर चिकटवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टर, आता ही टाकी जो विकेल तो महामूर्ख!"

खोलीत शांतता पसरली. (फिल्टर आवाज करत नव्हता ना.)

"अगदी खरं बोललात," डॉक्टरबाई हात जोडून म्हणाल्या. "मी नाहीच विकत."

"अहो, म्हणजे... मी घ्यायला... माझी पोर..."

"तुमचे उपकार कसे फेडू? थांबा, असं जाऊ देणार नाही. मघाशी ओरडलात ना? डावीकडची आहे ना? या आत."

"नको नको, ती पास आहे!"

"मी तपासल्याशिवाय?" बाईंनी विचारलं. नापासराव गाल धरून आत गेले.

दुपारी दोन वाजता नापासराव घरी पोचले. गाल सुजलेला आणि इंजेक्शनने बधिर, तोंडात कापूस, बोलायची बंदी. एका हातात पुडीत बांधलेली दाढ आणि दुसऱ्या हातात पाण्याची पिशवी. पिशवीत डॉक्टरबाईंनी प्रेमाने दिलेले दोन मासे.

बायकोने खाली-वर पाहिलं. "टाकी?"

नापासरावांनी मान हलवली, गालाकडे बोट दाखवलं, हवेत बोट फिरवून पंखी दाखवली आणि शेवटी पुडी उघडून तिच्यापुढे धरली.

"म्हणजे दाढ देऊन दोन मासे आणलेत? एकाला बादली पुरत नव्हती म्हणून?" तिने फोन उचलला. पोरगी माशांच्या पिशवीला मिठी मारून रडायला लागली. नापासरावांना तिला जवळ घेऊन म्हणायचं होतं, 'नाही गं जाऊ देणार मी त्याला.' पण तोंडात कापूस होता. उभ्या जन्मात त्यांना इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं.

तासाभराने मेहुणा आला. मासा न्यायला नव्हे. खांद्यावर ती माळ्यावरची टाकी घेऊन. "ताईने सांगितलं, आज भाऊजींना बोलता येत नाहीये," तो हसत म्हणाला. "म्हटलं, हीच वेळ आहे."

त्याने टाकी कपाटावर ठेवली, पाणी भरलं, फिल्टर लावला, मासे सोडले. नापासरावांचा हात टेपकडे गेला, तर बायकोने नुसतं पाहिलं. हात परत आला. त्या घरात पहिल्यांदाच एक वस्तू न तपासता आत शिरली होती आणि तीन मासे त्यात मजेत फिरत होते. लेकीने बाबांच्या खिशातून दोन्ही गठ्ठे काढले आणि हिरवी चिठ्ठी टाकीला लावली. मग धावत येऊन बाबांच्या सुजलेल्या गालाला हात लावून पापा घेतला. गाल बधिर होता, त्यांना काही कळलं नाही. पण डोळे मात्र भरून आले. मेहुण्याची तर मेहुण्याची, पोर हसली ना!

त्याच आनंदात ते दुखण्याच्या गोळ्या आणायला निघाले. रस्त्यात जो भेटेल तो त्यांच्याकडे बघून हसत होता. तेही वाकडं हसत होते. माणसं इतकी चांगली असतात, हे आपल्याला आजवर कसं दिसलं नाही, असं त्यांना वाटलं.

औषधाच्या दुकानात त्यांनी डॉक्टरबाईंची चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने ती बाजूला ठेवली, चष्मा नीट केला आणि पुढे वाकून त्यांच्या गालावरची लाल चिठ्ठी सावकाश वाचली.

"परत घेतो आम्ही," तो म्हणाला, "पण बिल लागेल."