हेरंबचं खासगी पत्र

"सुधारलेल्या देशांत कर्मचाऱ्याचं पत्र त्याच्या आत्म्याइतकंच पवित्र मानतात," हेरंबनं भर कचेरीत उभं राहून जाहीर केलं.

"तुमच्या आत्याला मूळव्याध झालीय," हेडक्लार्क शामराव हातातल्या पत्रातून डोकं वर न काढता म्हणाले. "मुंबईत सुरण कसा मिळतो, विचारतायत."

परळच्या त्या गिरणीच्या कचेरीत हे रोजचंच होतं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि टपालातून पत्रकं येतात असा साहेबांना संशय आला. तेव्हापासून शामराव कारकुनांची पत्रं फोडत. चार महिन्यांत पत्रक एकही सापडलं नव्हतं. तीन बाळंतपणं आणि एक भाऊबंदकी तेवढी सापडली होती.

घरच्या पत्त्यावर पत्र मागवावं, तर गिरगावातल्या चाळीत पोस्टमन ते पहिल्या उघड्या दारात टाकी. हेरंबच्या हाती पडेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर त्याचं उत्तरसुद्धा ठरलेलं असे. आणि या आठवड्यात साताऱ्याहून अप्पांचं पत्र यायचं होतं. त्यांच्या लेकीला, पद्मजाला, हेरंब पसंत आहे की नाही, ते त्यात असणार होतं.

"जर्मनीत बघा," हेरंब म्हणाला. "पत्राची गुप्तता थेट राज्यघटनेत घातलीय. फ्रान्समध्ये दुसऱ्याचं पत्र दुष्टाव्यानं फोडलं तर तुरुंग."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे पोस्टाचा कायदा आहे."

"मग तो पोस्टमनला सांगा."

"युनियनला सांगतो. गेटावर सभा घेतील."

कायद्याला न भ्यालेले शामराव सभेला भ्याले. संध्याकाळी फळ्यावर हुकूम लागला: 'यापुढे कोणीही कोणाचेही पत्र फोडू, वाचू अगर उजेडासमोर धरू नये.' टायपिस्ट लतिका हेरंबला म्हणाली, "आता आम्हाला तुझ्या आत्याचं कळायचं कसं रे?" पण तो जर्मनीत होता.

गुरुवारी पत्र आलं. शामरावांनी ते चिमट्यानं धरून, तोंड फिरवून हेरंबच्या टेबलावर ठेवलं. हेरंबनं फोडलं, आणि तो पांढराफटक पडला. पत्र सबंध मोडी लिपीत होतं. अप्पांची हयात कुलकर्णीपणात, गावचं दप्तर लिहिण्यात गेलेली. त्यांच्या अक्षरात कुठे पाय मोकळे करायला जागा नव्हती. हेरंबला शाळेत मोडी होती, पण त्या तासाला तो क्रिकेट खेळे. कचेरीत मोडी वाचणारा माणूस एकच.

"शामराव, जरा बघता?"

"छे. हुकूम आहे."

"मी परवानगी देतो ना."

"लेखी द्या. उद्या तुम्ही मला फ्रान्समध्ये नेऊन बसवाल."

हेरंबनं अर्ज लिहिला. शामरावांनी तो दोनदा वाचला, फाईलला लावला, मग चष्मा पुसून पत्र सावकाश मनातल्या मनात वाचलं. एकदा हसले. एकदा हेरंबकडे नखशिखान्त पाहून मान हलवली.

"काय लिहिलंय?"

"खासगी आहे. असं चारचौघांत कसं सांगू?" ते उठले, हेरंबला खिडकीशी नेलं आणि त्याच्या कानाशी लागून वाचू लागले. नेमका खालून मोर्चा चालला होता. हजारभर कंठ गर्जत होते. शामरावांचे ओठ हलताना दिसत होते. शब्द एक कळत नव्हता. मागे सगळी कचेरी टाक खाली ठेवून उभी होती.

"शामराव," हेरंब म्हणाला, "इथे नको. तिकडे सगळ्यांच्या मधे चला, आणि जरा मोठ्यानं वाचा."