बुटक्या वांग्याचं स्थळ

अण्णाजी कुणाकडूनही वांग्याचं बी घेण्याआधी त्या वांग्याची आई पाहायचे. झाड किती उंच, बी कुणाच्या आजीपासून चालत आलंय, सगळी चौकशी व्हायची. एवढी चौकशी त्यांनी जावयाचीही केली नव्हती, असं मेहकरात लोक म्हणायचे.

हे आमचे शेजारी, दवाखान्यात कंपाउंडर. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. त्यांचं अंगण दोन बाजा टाकल्या की संपायचं. एका बाजेवर गोदूकाकू, त्यांच्या पत्नी, पायांतलं बळ गेल्यापासून पडून असायच्या. उरलेल्या जागेत घासलेटचे कापलेले डबे, आणि त्यांत वांगी, मिरच्या, भेंडी. सगळी झाडं ठेंगणी.

"बुटकं पाह्यजे, पन खानदानी पाह्यजे!" हे त्यांचं पालुपद. सरकारी नवं बियाणं कुणी फुकट देऊ केलं तर म्हणायचे, "याचे मायबाप मले मालूम नाही. घरात कसं घेऊ?" एकदा एका भेंडीसाठी बसनं थेट जळगाव जामोदला गेले आणि दुसऱ्या दिवशी हात हलवत परतले. मी विचारलं, "काय झालं?"

"पोरगी चांगली हाये हो, पन लय उंच हाये."

सगळ्यांत लाडकं होतं सुलतानपूरचं वांगं, काकूंच्या माहेरचं. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. बी तेवढं अण्णाजींकडे होतं. कीड लागू नये म्हणून ते राखेत घोळून शेणात थापलेलं, आणि ती गोवरी जळणाच्या गोवऱ्यांशेजारी भिंतीला चिकटवलेली.

पेरणीच्या तोंडावर त्यांची थोरली बहीण, आक्का, मुक्कामाला आली. सकाळी तिनं अंघोळीचं पाणी तापवायला भिंतीवरच्या गोवऱ्या काढल्या. कुणी सांगितलंच नव्हतं, तर तिला काय कळणार! अण्णाजी उठून पाहतात तर भिंत मोकळी. त्यांची हाक ऐकून मी धावलो. ते उघड्या हातानं चुलीतली राख उपसत होते. काकू बाजेवर, पदर तोंडाशी. त्यांचं सबंध माहेर त्या चुलीत होतं. मला बघवेना.

"काऊन रे ओरडून राह्यला?" आक्का कडाडली. "एक गोवरी तं पेटतच नाही तुही, नुसती धुपते. थे देली मी बाहेर फेकून!"

गोवरी सांडपाण्याच्या दगडाजवळ सापडली. एक कड करपलेली, आतलं बी शाबूत. अण्णाजी मटकन खाली बसले आणि हसायला लागले. मीही हसलो, आक्काही. सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

बी उगवलं. वांगी धरली तेव्हा अण्णाजींनी तो डबा काकूंच्या बाजेला खेटून ठेवला. काकूंनी पडल्या पडल्या हात लांबवला. वांगं बरोब्बर हाताशी आलं. अंगण लहान म्हणून हा माणूस बुटकी झाडं शोधतो, असंच आम्ही सगळे समजत होतो.

देठ मोडून काकूंनी वांगं अण्णाजींपुढं धरलं. "घ्या. आज भाजी मी तोडली."